शंभर शेराचा मामा

सरकीचं अडीच मणाचं पोतं नत्थुजी पाठीवर घ्यायचा, तेव्हा पोत्यालाच बरं वाटत असावं. दुसऱ्या हमालांच्या पाठीवर चढताना तेच पोतं एका अंगाला झुके, रुसे, कधी अर्ध्या वाटेत खालीच बसे. नत्थुजीच्या पाठीवर मात्र लेकरागत निजून जाई. अकोल्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस विकायला आलेले गाडीवान बैल सोडून आधी त्याला पाहायला उभे राहत आणि मग भावाची चौकशी करत.

अंग शंभर शेराचं. हा काही अंदाज नव्हता. जिनातला मापाडी शालिकराम याने एका दिवाळीला त्याला मोठ्या काट्याच्या पारड्यात बसवून दोन मण वीस शेर जोखलं होतं. या शंभरातले वीसेक शेर एकट्या पोटाचे असावेत. पण ते पोट नत्थुजीला कधी जड झालं नाही. पुढे पोट आणि मागे पोतं, असा त्याचा तोल छान जमलेला होता.

नत्थुजीला एकच बहीण, सत्यभामा. अमरावतीकडे वलगावच्या पलीकडल्या एका खेड्यात दिलेली. घर भरल्या खळ्याचं, काळ्या जमिनीचं. त्या घरात तिने माहेराहून काय आणलं, तर एक पितळी तांब्या, दोन लुगडी आणि हा भाऊ. जावांची माहेरं गाडीभर आंबे पाठवत, हिच्या माहेराहून पोस्टकार्ड येई. थोरले दीर, म्हणजे तिचे भासरे महादेवराव, बोलण्याच्या ओघात "सत्यभामेच्या माहेरचं काय सांगावं" एवढंच म्हणत आणि खरंच काही सांगत नसत. ती पहाटे जात्यावर बसली की त्याचं उत्तर दाण्यांबरोबर दळून काढी:

भाऊ माहा उभा राहे, बाभळीचा जसा बुंधा
सोनं नाई देल्लं देवा, देल्ला भावाचा वं खांदा

या खांद्याचं काम पडायचं ते लग्नात. अक्षता पडल्या, की मुलीचा मामा मुलीला आणि मुलाचा मामा मुलाला खांद्यावर घेतो आणि वाजंत्र्याच्या तालावर दोघे समोरासमोर नाचतात. याला धेंडा नाचवणं म्हणतात. वाजंत्री दमून तो संपत नाही. एक मामा टेकला की संपतो, आणि मग टेकलेल्या मामाच्या बाजूने पुढची पंधरा वर्षं त्यावर बोलायचं नसतं.

सत्यभामेची थोरली मुलगी वच्छला हिच्या लग्नात नत्थुजीने तिला फुलासारखी उचलली. समोरचा मामा वाळका होता, काळजीचं कारण नव्हतं. पण तिसऱ्या गिरकीला नत्थुजीचं धोतर सुटू लागलं. पोट असं वाढलेलं, की गाठ वर मारावी तर खाली घसरे आणि खाली मारावी तर पोटच तिला ढकलून देई. एका हाताने भाची आणि दुसऱ्या हाताने धोतर सांभाळत तो दोन गिरक्या कसाबसा नाचला, आणि शेवटी अब्रू की मान या प्रश्नावर अब्रूच्या बाजूने खाली बसला. वरपक्षाच्या बायांनी तिथल्या तिथे गाणं जोडलं:

मामा नाचे मांडवात, पोट चाले पुढं पुढं
धोतर म्हणे बाई, आता जाऊ कोणीकडं

गाण्याला तिकीट लागत नाही. आठ दिवसांत ते अकोल्याच्या जिनात पोचलं आणि हमाल पोती रचताना ते गुणगुणू लागले. नत्थुजी हसण्यावारी नेई. त्याला लागलं होतं ते दुसरंच. पंगतीत महादेवराव म्हणाले होते, की धाकट्या लीलाच्या लग्नात मुलगी आता काकाच उचलेल, उगाच परक्याला त्रास कशाला. मागच्या दारी सत्यभामा भावाजवळ आली. डोळे कोरडे होते, म्हणूनच त्याला तिच्याकडे पाहवलं नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "लीलीच्या लग्नात माहा मान राखजो. मले दुसरं माहेर नाई."

पोट उतरवायचं, हे नत्थुजीने परतीच्या मोटारीतच ठरवलं. ते ठरलेलं सुरू व्हायला मात्र संक्रांत उजाडली, कारण मध्ये आषाढी, पोळा, दिवाळी असे अडथळे होते.

उपाय दिला जिनातल्या दिवाणजींनी. खुशालराव त्यांचं नाव. अंगाने कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीसारखे. कुठल्याशा निसर्गोपचाराच्या शिबिरात दहा दिवस राहून आले होते आणि तेव्हापासून, माणूस मरतो तो अन्नाने, असं त्यांचं मत झालं होतं. त्यांनी जिनाच्या जुन्या पावतीच्या पाठीवर लिहून दिलं: सकाळी लिंबाचं पाणी. दुपारी उकडलेला दुधीभोपळा, बिनमिठाचा. सांजेला लोणी काढलेलं ताक. भाकर, तेल, तिखट, गूळ यांचं नाव काढायचं नाही. हमालाचं पोट कसं चालवावं, हे कलमापेक्षा जड काही न उचललेल्या माणसाला विचारू नये, हे नत्थुजीच्या ध्यानात आलं नाही. अक्षर फार सुरेख होतं.

बायको गोदाबाई हिने ती पावती उलटसुलट पाहिली. वाचता येत नव्हतं, पण भाकरीवर काट मारलेली तिला बरोबर कळली.

"बैलाचा कडबा बंद करून गाडी हाकाची काय?" तिने विचारलं.

नत्थुजीने पावती तिच्या हातून घेऊन घडी घातली. तो त्या क्षणापासून निश्चयी झाला होता.

भोपळा उकडू लागला. पण गोदाबाईच्या हाताला अठरा वर्षांची सवय. नवऱ्याच्या सहा भाकरी आणि मागे उरतील त्या आपल्या, या मापाने ती पीठ मळायची. पहिल्या दिवशी सहाच्या सहा टोपल्यात राहिल्या. अन्न टाकायचं नाही, म्हणून तिने त्यातल्या चार खाल्ल्या, ठेच्यावर तेल घालून. दुसऱ्या दिवशी कमी करायचं मनात होतं, पण हात ऐकेना. ज्वारीची गरम भाकर, तव्यावरून उतरल्या उतरल्या, स्वतःच्या ताटात, हे तिला ठाऊक नव्हतं. वाढून झाल्यावर जे उरेल ते, आणि तेही थंड, असंच तिचं जेवण. आता उरतच भरपूर होतं. चुलीशी बसून ती निवांत जेवू लागली. नत्थुजी तिकडे पाठ करून भोपळा गिळायचा. वास नको म्हणून पाठ, त्यामुळे त्याला दिसलं काहीच नाही.

दहाव्या दिवशी तो काट्यावर बसला. त्याच आठवड्यात सरकारी हुकमाने शेराची वजनं जाऊन किलोची आली होती. शालिकरामने नवी चकचकीत वजनं टाकली आणि त्र्याण्णव म्हणून सांगितलं. शंभराचे त्र्याण्णव, दहा दिवसांत. नत्थुजीने आनंदाने सगळ्या जिनात गूळ वाटला, स्वतः खडाही तोंडात न टाकता. खुशालरावांनी त्याची पाठ थोपटली आणि आणखी दोघा हमालांना भोपळा लिहून दिला. शंभर शेर म्हणजेच त्र्याण्णव किलो, अंग होतं तिथेच आहे, हे शालिकरामला पहिल्यापासून माहीत होतं, पण तो तीन दिवस बोलला नाही. गूळ चांगला होता, असं त्याने मागाहून सांगितलं.

या अपमानाने नत्थुजी पेटला आणि ताकही निम्मं केलं. मग अंग खरोखर उतरू लागलं. होळीला पंच्याऐंशी, गुढीपाडव्याला शहात्तर. धोतराची गाठ जिथे मारावी तिथे राहू लागली. गालफडं दिसू लागली. जिनातल्या बाया म्हणू लागल्या, की नत्थुजीभाऊंना दाढीखाली हनुवटीही आहे. तो मनात सुखावला. पोटावर हात फिरवायची सवय होती, तो हात आता हवेत फिरून परत येई.

आणि चैत्रातल्या एका सकाळी सरकीच्या पोत्याने त्याला ओळखलंच नाही. तो वाकला, पाठ दिली, दोघांनी पोतं टेकवलं, त्याने नेहमीचा हुंकार दिला. हुंकार तेवढा उठला. पोतं आणि नत्थुजी जागच्या जागी. हमालांना वाटलं, थट्टा करतो आहे. तेही हसले, नत्थुजीही हसला, आणि हसता हसता पोत्याखाली हळूहळू बसत गेला. मुकादमाने त्याला ओढून काढलं, पाणी पाजलं आणि हातात दाभण-सुतळी देऊन पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं. ते काम म्हाताऱ्या हमालांचं. नत्थुजी अजून पन्नाशीचाही नव्हता.

त्याच दिवशी पोस्टकार्ड आलं. लीलाचं लग्न अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. मुलगा वरूडकडचा, संत्र्यांच्या बागा असलेला, आणि मुलाचा मामा तिकडच्या कुस्तीच्या फडात नाव काढलेला. खाली सत्यभामेने लिहवून घेतलं होतं, की पाहायला आलेल्या मंडळींनी मुलगी जरा किरकोळ वाटते म्हटलं, म्हणून चार महिने तिला तुपातले लाडू चालू आहेत, आणि पोरगी आता अंगाने चांगली भरली आहे.

नत्थुजीने कार्ड तीनदा वाचून घेतलं. तिन्ही वेळा पोरगी भरलेलीच निघाली.

मग भोपळा सुटला. तो सहा भाकरींवर बसला, पण आतडी आक्रसलेली. दोन भाकरींत पोट तडसलं, तिसरीला कळ आली. दिवस उरले बारा. ताकद काही पाहुण्यासारखी निरोप देताच मोटारीत बसून येत नाही. एका रविवारी दुपारी त्याने घराची कडी लावली आणि गोदाबाईला सांगितलं, की तालीम करायची आहे, खांद्यावर बस. ती लाजली, नाही म्हणाली, मग पदर खोचून बसली. नत्थुजी दोन्ही गुडघे टेकून उठू लागला. एक गुडघा उठला. दुसऱ्याने नकार दिला. दोघेही कलंडले, ती उडी मारून सावरली, तो पडला. तिने वाकून त्याच्या दोन्ही काखांत हात घातले आणि विहिरीवरून घागर काढावी तसा त्याला उचलून उभा केला. धाप नाही, काही नाही. कपडे झटकले आणि चुलीकडे गेली, दूध उतू जात होतं.

नत्थुजी उभा केला तिथेच उभा राहिला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्याने बायकोचे दंड पाहिले.

लग्नाला दोघे गेले, बडनेऱ्यापर्यंत गाडीने आणि पुढे मोटारीने. मांडवाच्या दारात सत्यभामा ओवाळायला उभी होती. तिने आधी त्याच्या मागे पाहिलं, भाऊ मागून येत असेल म्हणून. मग ओळख पटली आणि ओवाळायचं विसरून ती पुढे झाली.

"भाऊ, तुले काय झालं? कोण्या डाक्तरले दाखवलं?"

तो म्हणाला, की बरा आहे, थोडी दगदग झाली. तिची नजर शेजारी गेली. शेजारी गोदाबाई, गालावर तेज, दंडांत पोलकं घट्ट झालेलं. जात्यावरच्या गाण्यांत भावजय कधी सरळ वागत नाही, हे सत्यभामा लहानपणापासून गात आलेली. आज पुरावा समोर उभा होता.

"वयनी," ती हळू पण दहा जणींना ऐकू जाईल अशी म्हणाली, "तुमच्या घरात एकच ताट लागून राह्यलं काय?"

गोदाबाईने पदर दंडांवर ओढून घेतला. नत्थुजीने तोंड उघडलं. आत भोपळा होता, धोतर होतं, ते गाणं होतं. सगळं सांगायचं तर भर मांडवात सांगावं लागणार, आणि ते गाणं जोडणाऱ्या, वच्छलाच्या सासरच्या बाया खांबाला टेकून उभ्या. त्याने तोंड मिटलं. दिवसभर भावजयीच्या हातून कोणी पाणी घेईना. भाताच्या भांड्याजवळ ती बसली तर एकीने भांडंच उचलून नेलं. नत्थुजी हे बसल्या जागेवरून पाहत होता आणि त्याला कोणी पोत्याखाली दाबल्यासारखं होत होतं.

अक्षता पडल्या. वाजंत्री धेंड्यावर आली. वरूडचा मामा पुढे झाला. मान नव्हतीच, खांद्यांवर थेट फेटा ठेवलेला. त्याने नवरदेवाला एका झेपेत वर घेतलं. इकडे महादेवराव कोट काढून शेजाऱ्याच्या हाती देत होते. नत्थुजी गुडघ्यावर बसला. लीला, लाडवांनी भरलेली, शालूच्या आणि दागिन्यांच्या वजनासकट, त्याच्या खांद्यावर बसली.

त्याने मनातल्या मनात सगळे देव बोलावले आणि जोर केला. मानेच्या शिरा फुगल्या, कानांत ढोल वाजू लागला. लीला तेवढ्यापुरती बोटभर वर गेली आणि परत आली. दुसऱ्यांदा बोटभरही नाही. तिच्या लक्षात आलं. मुंडावळ्या सावरत ती त्याच्या कानाशी वाकली. "मामाजी, मी हळूच उतरून जातो. पाय मुरगळला म्हणा."

तेवढ्यात महादेवराव येऊन पोचले होते. त्यांनी मोठ्या समजूतदारपणाने हात पुढे केले. सत्यभामा बोहल्याजवळ उभी होती, आणि तिने डोळे मिटून घेतले. ते मिटलेले डोळे पाहिले आणि नत्थुजीच्या तोंडातलं सगळं बाहेर आलं.

"महादेवराव, जरा थांबा," तो म्हणाला. वाजंत्र्यानेही सनई तोंडातून काढली. "भामे, आयक. मले हिनं उपाशी नाई ठेवलं. मांगच्या लग्नात धोतर सुटलं, त्याची लाज वाटली, म्हून मीच चार मयने उकडला भोपया खाल्ला. हिनं वाढलेली भाकर मीच मांगं सारली. थे भाकर काई वाया नाई गेली. आपल्या घरची ताकद आता हिच्या आंगात हाय."

 मग एका कोपऱ्यातून खुदकन आवाज आला, आणि मग सगळा मांडवच हसला. खांबाला टेकलेल्या बाया तर खांबासकट हलल्या. नत्थुजी हसू संपायची वाट पाहत गुडघ्यावर बसून राहिला. त्याला वाटलं होतं त्याहून ते हलकं होतं.

महादेवराव हसले नाहीत. बाईने धेंडा नाचवल्याचं बापजन्मात पाहिलं नाही, असं ते म्हणाले, आणि चारचौघा म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

"मीबी नाई पाह्यलं," सत्यभामा म्हणाली. भासऱ्यांपुढे तिचा पदर कधी कपाळावरून मागे सरला नव्हता. आता तो सरला आणि तिने सरू दिला. "पण पोरीले उचलाचा मान माह्या माहेरचा हाय. वयनी कोण्या घरची हाय? वयनी, घ्या पोरीले."

गोदाबाईने हातातला पाण्याचा तांब्या नवऱ्याच्या हाती दिला, काष्टा आवळला, बसली, आणि लीलाला खांद्यावर घेऊन उठली. नुसती उठली. हुंकार नाही, देव नाही. वर गेलेल्या लीलाने घाबरून मामीचा अंबाडा धरला, मग सोडला.

तिला नाच येत नव्हता. ती पाण्याला निघाल्यासारखी चालू लागली, झपझप, मांडवाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत आणि परत. वाजंत्री तिच्या पावलांमागे ताल धरत धावली. वरूडचा मामा प्रथम ऐटीत नाचला, बाईसमोर काय म्हणून. दहाव्या फेरीला फेटा तिरपा झाला. पंधराव्याला त्याचा चेहरा मृगबहाराच्या संत्र्यागत पिकला, आणि वरून नवरदेव "मामाजी, मले उतरवा, पडतो मी," म्हणू लागला. तो मामा टेकला, लोकांनी टाळ्या पिटल्या, तरी गोदाबाई चालतच होती. थांबायचं कधी, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटी सत्यभामाच तिच्या वाटेत आडवी झाली. लीला खाली उतरली, आणि दोघी नणंद-भावजया मध्ये नवरीला धरून उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते वाजंत्र्यात कोणाला ऐकू आलं नाही. वरूडच्या मामाने मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की या बाई खातात तरी काय.

पंगतीत सत्यभामेने भावजयीला आपल्या शेजारी पाटावर बसवलं आणि स्वतःच्या हाताने वाढलं. गोदाबाई आधी इकडेतिकडे पाहत होती, उरल्याशिवाय जेवायचं कसं म्हणून. नत्थुजी समोरच्या ओळीत होता. या वेळी त्याने पाठ केली नाही.

वरात गेली, पाहुणे पांगले. तिसऱ्या दिवशी नत्थुजीने पिशवी भरली. गोदाबाई लुगड्याची घडी घालू लागली, तर सत्यभामेने ती घडी काढून घेतली आणि कपाटात ठेवली. वयनी आठ दिवस राहतील, म्हणाली, पोरगी गेल्यापासून घर खायला उठतं. अठरा वर्षांत असा आग्रह पहिल्यांदाच होत होता. माहा सैपाक कोण करीन, असं नत्थुजीने विचारून पाहिलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि उत्तर देण्यासारखं काही विचारलं गेलं नसल्यासारखं त्या पापडांच्या पिठाकडे वळल्या.

मोटारीत त्याच्या शेजारी वलगावची एक म्हातारी बसली. गेल्या दोन दिवसांत त्या धेंड्याची बातमी पंचक्रोशीत फिरलेली होती, पण नत्थुजीला ती ओळखत नव्हती. कुठून आला, कुठे चालला, असं विचारून झाल्यावर तिने विचारलं, की एकटाच कसा, बायको नाही काय.

"हाय न," नत्थुजीने खिडकीतून मागे, धुळीत मिटत चाललेल्या गावाकडे बोट केलं. "माहेरी राह्यली आठ दिवस."

म्हातारीने मान हलवली. मोटार वळली. नत्थुजी थोडा सरकून तिला नीट जागा करून देत बसला.